कवींच्या नांवाचें पान

मराठींतला ‘पान’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. ग्रंथाचें तें पान आणि जेवणाचेंहि पानच. या दोन्ही पानांचा एकत्र संसार ज्या शहरांत अडीचशें वर्षें चालत आला आहे, तें शहर म्हणजे स्कॉटलंडची राजधानी एडिंबरो. २००४ सालीं युनेस्कोनें जगांतील पहिली ‘साहित्यनगरी’ म्हणून ज्या शहराची निवड केली, तें हेंच. आणि उत्तम भोजनगृहांसाठीं ज्या शहरांची आज वाखाणणी होते, त्यांतहि त्याचें नांव असतें. परंतु या दोन कीर्तींच्या मधोमध एक जुना हिशेब पडून आहे. कवींच्या नांवानें येथें जेवढीं पानें वाढलीं गेलीं, त्यांतलीं किती खुद्द कवींच्या वांट्याला आलीं, असा तो हिशेब. श्रोत्यांनीं आज थोडा वेळ तोच उलगडून पाहावयाचा आहे.

जुनें एडिंबरो एका लांबट खडकाच्या पाठीवर वसलें आहे. पश्चिमेच्या टोकास किल्ला, पूर्वेच्या टोकास होलीरूडचा राजवाडा, आणि दोहोंना जोडणारा सुमारें मैलभर लांबीचा उतरता रस्ता. माशाच्या कण्यापासून कांटे फुटावेत तसे या रस्त्याच्या दोन्ही अंगांनीं अरुंद बोळ खालीं उतरतात. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत बहुतेक सारें शहर एवढ्यांतच मावलें होतें. बाजूला पसरावयास जागा नाहीं, म्हणून घरें आकाशाकडे चढलीं. आठ-आठ, दहा-दहा मजल्यांच्या दगडी इमारती आणि त्यांत एकच काळोखा, वळणावळणाचा जिना. तळाशीं दुकानदार, मधल्या मजल्यांवर न्यायाधीश, उमराव, प्राध्यापक, आणि अगदीं वर शिंपी व मजूर, अशीं एका जिन्यावरचीं बिऱ्हाडें असत. गिरगांवच्या चाळींत वाढलेल्या माणसाला हें चित्र फारसें परकें वाटणार नाहीं. फरक एवढाच कीं, चाळीच्या जिन्यावर न्यायमूर्ति क्वचितच भेटतात. असंख्य चुलींच्या धुरामुळें या शहराला लोक ‘ऑल्ड रीकी’, म्हणजे ‘धुरकट म्हातारी’, म्हणत.

घरांत जागा इतकी अपुरी कीं, वकिलाला अशिलाशीं बोलावयास स्वतंत्र खोली मिळण्याची मारामार. म्हणून अशिलाची गांठ मद्यगृहांत, करारावरची सही मद्यगृहांत, वैद्याचा सल्लाहि पुष्कळदां तेथेंच. सेंट जाइल्स या मोठ्या देवळाच्या घंटा साडेअकराला वाजूं लागल्या कीं, वकील आणि व्यापारी हातचें काम टाकून मध्यान्हीचा प्याला घेण्यास बोळांत उतरत. जवळच्या लीथ बंदरांत बोर्दोहून क्लॅरेट नांवाची तांबडी द्राक्षमदिरा येत असे; ती या शहराच्या अंगवळणीं पडली होती. जेवणाची वेळहि समाजाबरोबर कशी सरकत गेली, तें विल्यम क्रीच नांवाच्या ग्रंथविक्रेत्यानें टिपून ठेविलें आहे. १७६३ सालीं प्रतिष्ठित मंडळी दुपारीं दोनला जेवत. वीस वर्षांनीं ती वेळ चार-पांचवर गेली. पूर्वीं पुरुष दुपारनंतर बायकांच्या दिवाणखान्यांत चहाला हजर राहत. पुढें ते दिवाणखाने ओस पडले आणि पुरुष आपापल्या बाटल्यांशींच बसून राहूं लागले, असा त्याच्या तक्रारीचा रोख आहे. या क्रीचची गांठ पुढें पुन्हां पडणार आहे, म्हणून त्याचें नांव ध्यानांत ठेवावें.

त्या काळच्या एडिंबरोचें खरें लाडकें खाणें म्हणजे कालवें. रत्नागिरी-वेंगुर्ल्याकडच्या मंडळींना कालव म्हणजे काय हें सांगावयास नको. खडकाला चिकटलेला तो शिंपला फोडून आंतला ओला गर काढण्याची मेहनत त्यांना ठाऊक आहे. एडिंबरोच्या उत्तरेस फोर्थची खाडी आहे. तिच्या तळाशीं कालवांची मैलच्या मैल पसरलेली वस्ती होती. कोळीलोक तीं काढून आणीत आणि संध्याकाळीं बोळाबोळांतून विकलीं जात. माल इतका मुबलक कीं, तें गरिबाचेंहि खाणें आणि श्रीमंताचेंहि. रॉबर्ट चेंबर्स यानें १८२४ मध्यें जुन्या एडिंबरोच्या परंपरांचें जें पुस्तक काढलें, त्यांत या कालवगृहांचें मोठें चटकदार वर्णन आहे. जमिनीखालच्या तळघरांत, ओबडधोबड टेबलांभोंवतीं, चरबीच्या मेणबत्त्यांच्या उजेडांत, उमराव घराण्यांतल्या स्त्रिया व पुरुष एकत्र बसून कच्चीं कालवें आणि काळी बिअर यांवर ताव मारीत. मग मद्याचा ऊन पंच येई, टेबलें बाजूला सरत, आणि नाच सुरू होई. दिवाणखान्यांत ज्या गोष्टी बोलतां येत नसत त्या या तळघरांत निर्धास्तपणें बोलल्या जात. बाजूच्या खोलींत एखादा कारकून आपल्या मित्रांबरोबर तींच कालवें खात बसलेला असे. अन्न एक, मेणबत्ती एक. भिंत मात्र दोघांमध्यें होती.

अशा कारकुनांपैकींच एक रॉबर्ट फर्ग्युसन. पुण्याच्या कॉलेजाला ज्यांचें नांव आहे ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन निराळे. ते पुष्कळ नंतरचे, जरी जन्म त्यांचाहि एडिंबरोचाच. हा फर्ग्युसन ५ सप्टेंबर १७५० रोजीं एका बोळांतल्या गरीब घरीं जन्मला. त्याचा बापहि कारकूनच. मुलगा हुशार निघाला. शहराच्या हायस्कुलांत आणि पुढें सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठांत शिकला. पण बाप वारला आणि शिक्षण अर्धवट सोडून त्याला घरीं परतावें लागलें. आई आणि घर यांचा भार येऊन पडला तो कोवळ्या खांद्यांवर. एका कायद्याच्या कचेरींत कागदपत्रांच्या नकला करण्याचें काम त्याला मिळालें. दिवसभर एक पान भरावयाचें तें रात्रीचें दुसरें पान भागावें म्हणून, अशी ती नोकरी. या कंटाळवाण्या कामाच्या फटींतून त्यानें स्कॉट बोलींत कविता लिहिल्या. शिष्ट इंग्रजींत लिहावें असा त्या काळचा दंडक असतां, बाजारांत, चुलीपाशीं आणि कोळणींच्या तोंडीं जी भाषा चाले, ती त्यानें उचलली. ताज्या कालवांवर त्यानें १७७२ त कविता लिहिली. आणि ‘ऑल्ड रीकी’ या दीर्घ कवितेंत शहराचा सकाळपासून रात्रीपर्यंतचा सारा दिवस उभा केला. त्याच सालीं तो ‘केप क्लब’ नांवाच्या मंडळींत दाखल झाला. तेथें चित्रकार, नट, कारागीर, गवई असे नाना थरांचे सभासद असत, प्रत्येकाला एक थट्टेची पदवी मिळे, आणि साधें जेवण, बिअर व गाणीं यांवर रात्र सरे. फर्ग्युसनचा गळा गोड होता. मंडळी त्याला गायकपणाची पदवी देऊन गौरवीत.

१७७३ च्या ऑगस्टांत लंडनचे विख्यात कोशकार डॉ. सॅम्युएल जॉन्सन एडिंबरोस आले. आपल्या कोशांत ओट या धान्याचा अर्थ देतांना, इंग्लंडांत तें घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडांत माणसें खातात, अशा आशयाची कोपरखळी त्यांनीं मारून ठेविली होती. ती स्कॉट लोक विसरले नव्हते. एडिंबरोच्या खानावळींत उतरल्याबरोबर नोकरानें तेलकट बोटांनींच साखरेचा खडा त्यांच्या लिंबाच्या सरबतांत टाकला, आणि डॉक्टरसाहेबांनीं पेला उचलून खिडकीबाहेर रिता केला. तो नोकर कोशाचा सूड घेत होता असें मात्र कोणीं समजूं नये. त्या काळची तेथली रीतच तशी असावी. पुढें सेंट अँड्र्यूजच्या प्राध्यापकांनीं जॉन्सनना थाटाची मेजवानी दिली. ज्या विद्यापीठांतून आपल्याला पैशाअभावीं निघावें लागलें, तेथील गुरुजन परक्या पाहुण्यासाठीं एवढा खर्च करतात, हें त्या बावीस वर्षांच्या कारकुनाला लागलें असलें पाहिजे. त्यानें एक विनोदी कविता लिहिली. परदेशी पक्वान्नें कशाला, मला विचारलें असतें तर मीं पाहुण्यांना खास स्कॉट पान वाढलें असतें, असा तिचा सूर. मग त्यानें यादीच दिली : हॅगिस, मेंढ्याची मुंडी व पाय, आणि स्कॉटलंडांतल्या चुलीवर शिजणारे असेच गांवठी पदार्थ. थट्टा होती, पण देशी अन्न आणि देशी भाषा यांची किंमत एकाच तराजूंत तोलणारी अशी ती थट्टा होती.

पुढल्याच वर्षीं फर्ग्युसनचें मन ढांसळलें. धर्मविषयक भीतीनें त्याला पछाडलें. त्यांत जिन्यावरून पडून डोक्याला जबर मार बसला. आईला त्याची शुश्रूषा झेपेना, तेव्हां मित्रांनीं त्याला वेड्यांच्या गृहांत नेऊन ठेविलें. १७ ऑक्टोबर १७७४ रोजीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, तेथेंच गवताच्या बिछान्यावर त्याचा अंत झाला. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं हिंदुस्थानांत असलेल्या एका मित्राचें पत्र घरीं येऊन पडलें. ‘इकडे निघून ये’ असा आग्रह, आणि प्रवासखर्चासाठीं शंभर पौंडांची हुंडी. असें जुने चरित्रकार नमूद करतात. कॅननगेटच्या स्मशानभूमींत त्याला पुरलें. वर दगड नव्हता.

बारा वर्षें गेलीं. २८ नोव्हेंबर १७८६ रोजीं एअरशायरचा एक शेतकरी उसन्या घोड्यावर बसून एडिंबरोस आला. त्याचें नांव रॉबर्ट बर्न्स. त्याच उन्हाळ्यांत किल्मार्नक गांवीं त्याचा पहिला काव्यसंग्रह छापला गेला होता. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. फर्ग्युसनच्या कविता वाचून आपल्याला स्कॉट बोलींत लिहिण्याची उमेद आली, हें बर्न्सनें कधीं लपविलें नाहीं. आपला वडील भाऊच तो, असें तो मानी. एडिंबरोंत लॉनमार्केटच्या एका बोळांत मित्राच्या खोलींत, एकाच बिछान्यावर, त्यानें मुक्काम ठोकला. आणि तेथून निघून तो शहरांतल्या मोठमोठ्या पंगतींना जाऊं लागला.

नांगर धरणारा कवि ही त्या हिंवाळ्यांतली शहराची नवलाई ठरली. लॉर्ड मॉनबोडो हे विद्वान न्यायाधीश प्राचीन रोमन थाटाच्या मेजवान्यांसाठीं प्रसिद्ध होते. त्यांच्या घरीं बर्न्स जेवला, आणि त्यांच्या मुलीच्या सौंदर्यावर त्यानें ओळी लिहिल्या. गॉर्डनची डचेस त्याच्यावर खूष झाली. प्राध्यापक ॲडम फर्ग्युसन यांच्या घरच्या मंडळींत एका भिंतीवरचें चित्र पाहून बर्न्सचे डोळे भरून आले. बर्फांत मरून पडलेला शिपाई, त्याची विधवा आणि मूल, असें तें चित्र. खालच्या ओळी कोणाच्या, असें त्यानें विचारलें. जमलेल्या विद्वानांपैकीं कोणालाच सांगतां येईना. एका पंधरा वर्षांच्या लंगड्या मुलानें हळूच नांव सांगितलें. तो मुलगा वॉल्टर स्कॉट. वर्गांत मागच्या बांकावर बसणाऱ्या मुलाला हमखास येणारें उत्तर पुढच्या बांकांना येत नाहीं, हा अनुभव स्कॉटलंडांतहि आहे म्हणावयाचा.

त्याच डिसेंबरांत ‘कॅलेडोनियन मर्क्युरी’ या वृत्तपत्रांत बर्न्सची हॅगिसला उद्देशून लिहिलेली कविता छापली गेली. हॅगिस म्हणजे काय तें थोडें सांगितलें पाहिजे. शाकाहारी श्रोत्यांनीं क्षमा करावी. मेंढीचें काळीज, यकृत आणि फुप्फुस बारीक चिरून, त्यांत ओटचें भरड पीठ, चरबी, कांदा, मीठ व मिरीं घालावयाचीं. हें सारण मेंढीच्याच पोटाच्या पिशवींत भरून, तोंड शिवून, तासन्‌तास उकडावयाचें. आपल्याकडे वजडी आवडीनें खाणाऱ्याला त्यांत किळस वाटण्यासारखें कांहीं नाहीं. जनावराचें चांगलें मांस बाजारांत जाई आणि जें विकलें जात नसे तें घरांत शिजे, अशा गरिबीच्या काटकसरींतून तो पदार्थ जन्मला. बर्न्सनें त्याला पक्वान्नांच्या राजाचा मान दिला, आणि फ्रेंच मसालेदार रश्श्यांवर वाढलेल्या नाजूक लोकांची टर उडविली. फर्ग्युसननें तेरा वर्षांपूर्वीं वाढलेलें पानच त्यानें पुढें सरकविलें, असें म्हणावयास हरकत नाहीं. मात्र बर्न्सच्या कवितेंत तिखटपणा अधिक आहे. ज्या टेबलांवर तो पाहुणा म्हणून बसत होता, तेथें त्याच फ्रेंच रश्श्यांचा मान मोठा होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे तो तिखटपणा कोठून आला तें कळतें.

मोठ्यांच्या पंगतींतून सुटला कीं बर्न्स बोळांतल्या मद्यगृहांत शिरे. अँकर क्लोज या बोळांत विल्यम स्मेली याचा छापखाना होता. ब्रिटानिका विश्वकोशाच्या पहिल्या आवृत्तीचा संपादक तोच. तेथें बर्न्स आपल्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें तपासी, आणि त्याच बोळांतल्या खानावळींत दोघे एका गमत्या क्लबाचे सभासद म्हणून रात्री बसत. लिबर्टन्स वाइंड या बोळांत जॉन डाउईची खानावळ होती. तिच्या सर्वांत आंतल्या खोलीला, आकारावरून, ‘शवपेटी’ म्हणत; पांच-सहा माणसें दाटीवाटीनें बसतील एवढीच ती. बर्न्सची आवडती जागा ती, अशी आठवण सांगत. तो बोळ पुढें जॉर्ज चौथ्याच्या नांवाच्या पुलासाठीं पाडला गेला. स्कॉटलंडचें राष्ट्रीय ग्रंथालय आज त्याच पुलावर उभें आहे.

एडिंबरोंत येऊन दोन-अडीच महिने झाले नाहींत तोंच बर्न्स कॅननगेटच्या स्मशानभूमींत गेला. फर्ग्युसनची जागा शोधली. तेथें नुसती माती. ६ फेब्रुवारी १७८७ रोजीं त्यानें त्या चर्चच्या व्यवस्थापकांना पत्र लिहून, स्वतःच्या खर्चानें दगड बसविण्याची परवानगी मागितली. परवानगी मिळाली. रॉबर्ट बर्न नांवाच्या वास्तुशिल्पकारानें दगड घडवून १७८९ त उभा केला. त्यावर बर्न्सच्याच चार ओळी आहेत. दगडाचा खर्च साडेपांच पौंड. बर्न्सकडून ते पैसे फिटावयास १७९२ साल उजाडलें. दगड बसवावयाला त्यानें दोन वर्षें लाविलीं, मग पैसे द्यावयाला मीं दोन लाविलीं तर बिघडलें कोठें, अशा अर्थाची थट्टा त्यानें पत्रांत केली आहे. थट्टेखालीं ओढगस्त होती. त्याची एडिंबरो-आवृत्ति काढणारा प्रकाशक म्हणजे जेवणाच्या वेळा टिपून ठेवणारा तोच विल्यम क्रीच. त्यानें बर्न्सच्या कवितांचे हक्क शंभर गिनींना घेतले आणि हिशेब चुकता करावयास कवीला महिनेच्या महिने तिष्ठत ठेविलें. तरी शहरानें बर्न्सला अगदींच रित्या हातांनीं धाडलें असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं. वर्गणीदार भरपूर मिळाले, कांहीं शें पौंड हातांत आले, त्यांतले बरेचसे त्यानें भावाच्या शेतीसाठीं दिले. मिळालें नाहीं तें एवढेंच कीं, ज्यावर कवीनें निश्चिंतपणें लिहीत बसावें असें कांहीं. पंगती संपल्या. बर्न्स परत शेतावर गेला, आणि १७८९ पासून पन्नास पौंड सालावर जकातखात्यांतला शिपाईगडी झाला.

१७९६ च्या जुलैंत तो डम्फ्रीस गांवीं मरणाच्या दारीं होता. एका कापडवाल्याचें बिल थकलें होतें, आणि तो तुरुंगांत घालण्याची धमकी देत होता. ज्याच्या संग्रहासाठीं आपण फुकट गाणीं लिहून दिलीं, त्या एडिंबरोच्या जॉर्ज थॉमसनला बर्न्सनें १२ तारखेस पत्र लिहिलें : पांच पौंड पाठव. थॉमसननें ते पाठविले. २१ जुलै रोजीं, ३७ व्या वर्षीं, बर्न्स वारला. आणि २५ तारखेस त्याची प्रेतयात्रा निघाली त्याच दिवशीं त्याच्या बायकोला मुलगा झाला. एका कवीच्या थडग्यासाठीं साडेपांच पौंड, आणि तें देणाऱ्या कवीच्या शेवटच्या दिवसांतल्या एका पत्रांत पांच पौंड.

पांच वर्षें लोटल्यावर, १८०१ च्या जुलैंत, बर्न्सच्या नऊ स्नेह्यांनीं त्याच्या जन्मगांवीं, ॲलोवे येथें, त्याच्याच जुन्या झोंपडींत पुण्यतिथीचें जेवण केलें. पानावर हॅगिस आणि मेंढ्याची मुंडी. हॅगिसची कविता म्हटली गेली, कवीच्या स्मृतीसाठीं प्याला उचलला गेला. आपल्याकडच्या श्राद्धाच्या पानाशीं या जेवणाचें नातें जुळविण्याचा मोह होतो. नंतर पुण्यतिथीऐवजीं जन्मतिथि धरण्याचा प्रघात पडला, आणि २५ जानेवारीची रात्र ही स्कॉट लोक जेथें जेथें गेले तेथें तेथें बर्न्सची रात्र झाली. एडिंबरोंत तर त्या आठवड्यांत बड्या हॉटेलांपासून गल्लींतल्या मद्यगृहांपर्यंत सर्वत्र ही पंगत बसते. प्रथम मशकबीन वाजवीत वादक येतो, मागून ताटांत वाफाळता हॅगिस मिरवीत आचारी. सर्व उभे राहतात. एकजण ती कविता म्हणतो, आणि ठराविक ओळीवर सुरी हॅगिसच्या पोटांत खुपसतो. गरम सारण फसकन्‌ बाहेर येतें. सोबत उकडून कुसकरलेले बटाटे आणि सलगमाच्या जातीचा कंद, व्हिस्की. मग कवीच्या अमर स्मृतीवर मुख्य भाषण. गरिबाच्या चुलीवरचा पदार्थ चांदीच्या ताटांत येऊन बसला, तो या एका कवितेच्या जोरावर. कवीला मात्र त्या ताटाची खबर नाहीं.

पंगत आणि साहित्य यांचा दुसरा प्रसिद्ध प्रसंग आहे तो वॉल्टर स्कॉटचा. हरि नारायण आपटे यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांबरोबर मराठी समीक्षेंत ज्याचें नांव नेहमीं घेतलें जातें तो हाच. फर्ग्युसन ज्या हायस्कुलांत शिकला तेथेंच हाहि शिकला. आणि मुंबईच्या कॉलेजाला ज्याचें नांव आहे तो माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन लहानपणीं कांहीं काळ त्याच शाळेंत होता. १८१४ मध्यें ‘वेव्हर्ली’ निघाली, आणि तेव्हांपासून या कादंबऱ्यांवर लेखकाचें नांव नसे. १८२६ च्या आरंभीं प्रकाशक व छापखाना बुडाले आणि स्कॉटवर सुमारें १,२०,००० पौंडांचें कर्ज कोसळलें. कॅसल स्ट्रीटवरचें चोवीस वर्षांचें घर गेलें, त्याच मेमध्यें बायकोहि गेली, आणि तो भाड्याच्या खोलींत येऊन राहिला. दिवाळें न काढतां लेखणीनें कर्ज फेडीन, असा त्याचा निश्चय. २३ फेब्रुवारी १८२७ रोजीं असेंब्ली रूम्समध्यें गरीब नटांच्या निधीसाठीं सार्वजनिक भोजन झालें. सुमारें तीनशें पाहुण्यांसमोर, न्यायाधीश मेडोबँक यांनीं प्याला उचलतांच, स्कॉटनें उठून कबूल केलें कीं त्या साऱ्या कादंबऱ्या आपल्याच. बहुतेकांना तें ठाऊकच होतें. तरी टाळ्यांचा कडकडाट झाला. जेवण दुसऱ्या गरजूंसाठीं होतें, ही त्यांतली गोष्ट लोक विसरतात.

याच सुमारास एक गंमत घडली होती. स्कॉटच्या एका कादंबरींत मेग डॉड्स नांवाची तिखट जिभेची, पण हाताला चव असलेली खानावळवाली आहे. १८२६ त एडिंबरोंतून याच ‘मिसेस मार्गरेट डॉड्स’च्या नांवानें एक पाकपुस्तक निघालें, आणि तें हातोहात खपलें. कादंबरींतली बाई खरीच स्वयंपाक शिकवूं लागली ! पुस्तकाची खरी कर्ती ख्रिश्चन इझोबेल जॉन्स्टन ही लेखिका होती. पुढें ‘टेट्स मॅगझिन’ या एडिंबरोच्या मासिकाचें संपादनहि तिनें केलें. स्कॉटनें आपलें नांव लपविलें तें हौसेनें. या बाईचें नांव झांकलें गेलें तें त्या काळांत बाईनें पुढें येऊं नये म्हणून. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय पदार्थांना छापील पानांत मानाची जागा देण्यांत या पुस्तकाचा वांटा मोठा आहे, आणि एडिंबरोच्या साहित्याच्या इतिहासांत तिचें नांव याहून ठळक असावयास हवें होतें.

आजचें एडिंबरो पाहावें तर जुन्या वास्तूंतच नव्या पंगती बसलेल्या दिसतात. किल्ल्याच्या तोंडाशीं, सोळाव्या शतकाच्या अखेरच्या एका इमारतींत, १९७९ त ‘विचरी’ हें भोजनगृह निघालें. लांकडी नक्षी आणि मेणबत्त्या हें त्याचें वैशिष्ट्य. प्रेस्टनफील्ड वाडा १६८७ चा. तेथील सर अलेक्झांडर डिक यांच्या पंगतीला जॉन्सन व त्याचा चरित्रकार बॉझवेल हे जेवले होते. डिकसाहेबांना रेवंदचिनी उत्तम पिकविल्याबद्दल सुवर्णपदक मिळालें, म्हणून तेथल्या भोजनगृहाचें नांवहि त्या वनस्पतीवरूनच ठेविलें गेलें. जेथें क्लॅरेटचीं पिंपें उतरत त्या लीथ बंदरांत मार्टिन विशार्ट यांच्या भोजनगृहाला २००१ त, आणि जुन्या व्हिस्कीच्या गोदामांत उघडलेल्या टॉम किचिन यांच्या भोजनगृहाला २००७ त, मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचा तारा मिळाला. स्कॉटलंडच्याच समुद्रांतली मासळी, रानांतली शिकार, मळ्यांतली भाजी यांवर अशा स्वयंपाकघरांचा भर असतो. फर्ग्युसनचा आग्रह याहून निराळा नव्हता.

लेखकांचीं बसण्याचीं ठिकाणें मात्र बहुधा स्वस्तच राहिलीं. विसाव्या शतकांत ह्यू मॅकडर्मिड, नॉर्मन मॅकेग इत्यादि कवि रोझ स्ट्रीट व हॅनोव्हर स्ट्रीट इकडच्या मद्यगृहांत जमत. अलेक्झांडर मॉफॅटनें १९८० त त्या साऱ्यांचें एकत्र चित्र रंगविलें. १९९० नंतर सरकारी मदतीवर दिवस काढणारी एक तरुण आई कॉफीच्या एका पेल्यावर तासन्‌तास बसून जादूगार मुलाची गोष्ट लिही. जे. के. रोलिंगनें तिचा शेवटचा भाग २००७ त बॅलमोरल या महागड्या हॉटेलाच्या खोलींत संपविला. त्या एका लेखिकेचें पान तिच्या हयातींतच भरलें, हें खरें.

कॅननगेटच्या चर्चबाहेर पदपथावर २००४ पासून एक ब्राँझचा पुतळा आहे. हातांत पुस्तक, कोट वाऱ्यानें उडालेला, पाऊल घाईनें पुढें टाकलेलें. जणू कचेरींतून सुटून क्लबाकडे निघालेला. तो फर्ग्युसन. कठड्याच्या आंत, गवतांत, बर्न्सनें बसविलेला दगड. एडिंबरोचाच पुत्र रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन, जो फर्ग्युसननंतर बरोबर शंभर वर्षांनीं, १८५० त, जन्मला, त्यानें दूर सामोआ बेटांतून १८९४ मध्यें लिहिलें कीं, तो दगड दुरुस्त करावा आणि आपणां तिघांचीं नांवें त्यावर यावींत. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वारला. ती इच्छा १९८७ सालीं एका स्कॉट संस्थेनें पुरी केली. दगड दुरुस्त झाला, आणि स्टीव्हन्सनची हकीकत सांगणारी पट्टी तेथें बसली.

फोर्थच्या खाडींतलीं तीं कालवें मात्र बेसुमार उपशानें विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास नाहींशीं झालीं होतीं. २०२३ पासून शास्त्रज्ञ आणि स्वयंसेवक त्या जातीचीं हजारों कालवें बाहेरून आणून पुन्हां तळाशीं सोडीत आहेत. एक कालव दिवसाला कित्येक घागरी पाणी गाळून स्वच्छ करतें, आणि त्यांच्या शिंपल्यांच्या आश्रयानें इतर मासळी वाढते, म्हणून हा खटाटोप. तीं खाण्यासाठीं नाहींत.